ताप उतरल्यानंतरचा इतिहास : विषाणूंच्या साथी, हरवलेली झोप आणि ‘मनाचे खेळ’ हा शिक्का

१/२५
फेब्रुवारी १८९५. ब्रिटिश साम्राज्याचे पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांना इन्फ्ल्युएन्झाने गाठले. यथावकाश ताप उतरला आणि रुग्ण बरा झाला असे कोणीही म्हटले असते. परंतु त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे रोझबेरी यांना झोपच येईना. रात्र जागून काढायची आणि सकाळी थकलेल्या डोक्याने साम्राज्याचा कारभार हाकायचा, असा क्रम वसंत ऋतू उलटेपर्यंत चालला. त्या रात्रींची धास्ती पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मनातून गेली नाही. ताप गेला, पण आजार राहिला. या ‘राहिलेल्या’ आजाराचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आज पाहू.
#थ्रेड #इतिहास #साथींचा_इतिहास

२/२५
साथींचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या आकड्यांतून वाचतो. कोणत्या शहरात किती दगावले, स्मशाने कशी अपुरी पडली, सरकारने काय केले. जे वाचले त्यांची गणना ‘बरे झालेल्यांत’ होते आणि तेथेच त्यांची कहाणी संपते. प्रत्यक्षात प्रत्येक मोठ्या साथीनंतर काही माणसे पूर्ववत झालीच नाहीत. थकवा, विस्मरण, उदासी आणि बिघडलेली झोप त्यांच्या वाट्याला आली. वैद्यकाने त्यांना दरवेळी एकच प्रश्न विचारला : हा आजार शरीराचा की मनाचा? या प्रश्नाची किंमत कोणी मोजली, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/२५
प्रथम रोझबेरींच्या काळाची पार्श्वभूमी. १८८९ च्या अखेरीस रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथून एक साथ युरोपभर पसरली. ‘रशियन फ्लू’ हे तिचे नाव. आगगाडी आणि आगबोटीच्या युगातील ही पहिली जागतिक साथ. काही आठवड्यांत तिने युरोपच्या राजधान्या गाठल्या, अटलांटिक ओलांडला आणि १८९० च्या आरंभी ती हिंदुस्थानातही पोहोचली. पुढील काही वर्षे तिच्या लाटा येत राहिल्या. जानेवारी १८९२ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर इन्फ्ल्युएन्झानंतरच्या न्यूमोनियाने मरण पावला. १८९५ मध्ये रोझबेरींना गाठणारी लाट याच मालिकेतील होती.

४/२५
या साथीचे एक वैशिष्ट्य तत्कालीन डॉक्टरांच्या लगेच लक्षात आले. ताप उतरल्यानंतर अनेक रुग्णांच्या मज्जासंस्थेत बिघाड दिसत होता. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ ज्युलियस आल्थाउस यांनी १८९२ मध्ये इन्फ्ल्युएन्झा आणि त्याच्या मागे राहणाऱ्या विकारांवर पुस्तक लिहिले. पुढील वर्षी इन्फ्ल्युएन्झानंतर उद्भवणाऱ्या मनोविकारांवर त्यांचा स्वतंत्र निबंध आला. निद्रानाश, खिन्नता, भ्रम, टोकाची अशक्तता अशा तक्रारी वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार दिसू लागल्या. आत्महत्यांच्या बातम्यांतही नुकत्याच होऊन गेलेल्या इन्फ्ल्युएन्झाचा उल्लेख येऊ लागला.

५/२५
या अवस्थेला तयार नाव हाताशी होते : न्यूरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचे दौर्बल्य. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तार, आगगाडी, वर्तमानपत्रे यांच्या धावपळीत माणसाची ‘मज्जाशक्ती’ संपते, असा त्यांचा सिद्धान्त होता. बुद्धिजीवी, सुसंस्कृत माणसाचा आजार म्हणून त्याला एक प्रकारची प्रतिष्ठाही लाभली. मात्र हीच लक्षणे एखाद्या स्त्रीमध्ये दिसली, तर ‘हिस्टेरिया’ हा शब्द पुढे येण्यास वेळ लागत नसे. लक्षणे तीच, परंतु रुग्ण कोण यावर नाव ठरे. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

६/२५
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. रोझबेरींची झोप केवळ विषाणूने हिरावली, असे म्हणता येत नाही. १८९० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते आणि तेव्हापासूनच निद्रानाश त्यांच्या मागे लागला होता. १८९५ मध्ये पक्षात दुफळी होती आणि मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांशी बिनसले होते. जून १८९५ मध्ये त्यांचे सरकार पडले, ते लोकसभागृहातील एका मतदानात. दुःख, ताण आणि संसर्ग या तिन्ही गोष्टी एकाच देहात एकत्र आल्या होत्या. त्यांपैकी एकच निवडून ‘हेच खरे कारण’ म्हणणे सोपे असते आणि बहुधा चुकीचे असते.

७/२५
रशियन फ्लूच्या मागोमाग, १८९० च्या सुमारास, उत्तर इटलीत एका विचित्र आजाराची वदंता पसरली. लोक त्याला ‘नोना’ म्हणत. माणूस झोपेत जाई, काही जण त्यातून परतत नसत. डॉक्टरांत त्याविषयी एकमत झाले नाही आणि नोना विस्मृतीत गेला. इटलीच्या सीमेवरील त्रिएस्ते शहरात त्या काळी एक ग्रीक वंशाचे सधन कुटुंब राहत होते. त्या घरातल्या मुलाने नोनाच्या गोष्टी घरीच ऐकल्या होत्या. तो मुलगा म्हणजे कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो. पाव शतकानंतर ती आठवण त्याच्या उपयोगी पडणार होती.

८/२५
व्हिएन्ना, १९१६-१७ चा हिवाळा. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. फॉन इकोनोमो आता मज्जाविकारतज्ज्ञ झाले होते. विमानोड्डाणाची त्यांना विलक्षण ओढ होती आणि युद्धात त्यांनी वैमानिक म्हणून कामही केले होते. वाग्नर-याउरेग यांच्या मनोविकार चिकित्सालयात त्यांच्यापुढे काही चमत्कारिक रुग्ण आले. निदानाच्या कोणत्याच चौकटीत ते बसत नव्हते. कोणी जेवताना घास तोंडात असतानाच झोपी जाई. हाक मारली की जागे होई, नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपे. १९१७ मध्ये त्यांनी या आजाराला नाव दिले : एन्सेफलायटिस लेथार्जिका, अर्थात निद्राळू मेंदूदाह.

९/२५
या आजाराची तीन मुख्य रूपे त्यांनी नोंदवली. पहिल्यात रुग्ण सतत झोपे आणि डोळ्यांच्या हालचाली लुळ्या पडत. दुसऱ्यात नेमके उलटे घडे : रुग्ण अस्वस्थ, चंचल असे आणि रात्रभर टक्क जागा राही. तिसऱ्यात शरीर ताठर होऊन हालचाली मंदावत. काहींमध्ये दिवस आणि रात्र यांची अदलाबदलच होई. आजारातून उठलेल्या अनेक मुलांचे स्वभाव पार पालटले. शांत मुले आक्रमक, बेबंद झाली. त्यांना शिक्षा झाल्या, शाळांतून काढले गेले, संस्थांत ठेवले गेले. बिघाड मेंदूत होता, परंतु दोष वर्तनाला दिला गेला.

१०/२५
फॉन इकोनोमो यांचे खरे मोठेपण पुढील पायरीत आहे. मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंची त्यांनी बारकाईने तपासणी केली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. जे रुग्ण अतिनिद्रेने ग्रस्त होते त्यांच्यात या भागाची मागची बाजू आणि तिला लागून असलेला मध्यमेंदू सुजलेला होता. ज्यांची झोप उडाली होती त्यांच्यात पुढची बाजू बाधित होती. याचा अर्थ त्यांनी असा लावला की मेंदूत एक जागा जागे ठेवणारी आहे आणि दुसरी झोप आणणारी. तोवर झोप म्हणजे मेंदूचे केवळ थकून थांबणे, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

११/२५
हा तर्क सूक्ष्मदर्शक आणि शवविच्छेदन एवढ्याच बळावर केलेला होता. त्याची प्रचिती अनेक दशकांनी आली. १९९६ मध्ये हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात झोपेच्या वेळी सक्रिय होणारा पेशीसमूह अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिला. १९९८ मध्ये जागृती टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन हायपोथॅलॅमसमध्येच सापडले. विचार करा : झोपेच्या आधुनिक विज्ञानाचा एक पाया ज्या रुग्णांनी घातला, ते एका साथीनंतर उरलेले, अनेकदा विक्षिप्त किंवा आळशी ठरवले गेलेले लोक होते. त्यांची झोप बिघडली, म्हणून झोपेचे स्थान कळले.

१२/२५
ही साथ १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही. १९१८ च्या फ्लूशी तिचा संबंध अनेकांनी जोडला, पण पहिले रुग्ण त्या फ्लूच्या आधीचे आहेत आणि विषाणूचा पुरावा मिळालेला नाही. वाचलेल्यांपैकी अनेकांना वर्षांनंतर पार्किन्सनसारखा आजार जडला आणि ते दशकानुदशके संस्थांमध्ये निश्चल पडून राहिले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ अब्राहम रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा हे औषध दिले आणि काही जण अल्पकाळ जागे झाले. ‘अवेकनिंग्ज’ हे सॅक्स यांचे पुस्तक आणि १९९० चा चित्रपट यांविषयीच आहे.

१३/२५
आता त्याच काळातील महाराष्ट्राकडे वळू. १९१८ च्या उन्हाळ्याअखेर इन्फ्ल्युएन्झा मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरातली दुसरी लाट भयंकर होती. गावोगाव या रोगाला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानात किमान सव्वा कोट माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, असे जनगणनेने नोंदवले. पण मानमोडीतून उठलेल्यांचे पुढे काय झाले? वसाहतीच्या सरकारी दफ्तरांत मृत्यूचा रकाना होता, ‘अजून बरे वाटत नाही’ असा रकाना नव्हता. दफ्तर ज्याची नोंद ठेवत नाही, ते पुढच्या पिढ्यांना घडलेच नाही असे वाटू लागते.

१४/२५
जेथे नोंदी ठेवल्या गेल्या, तेथे चित्र दिसते. बॉस्टनच्या मनोरुग्णालयात कार्ल मेनिंजर यांनी इन्फ्ल्युएन्झाशी निगडित मनोविकारांच्या १०० रुग्णांचा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. नॉर्वेतील मनोरुग्णालयांच्या जुन्या नोंदी स्वेन-एरिक मामेलुंड या अभ्यासकाने अलीकडे तपासल्या. इन्फ्ल्युएन्झामुळे मानसिक विकार झाला, अशा कारणाने प्रथमच दाखल होणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण साथीनंतरच्या ६ वर्षांत सरासरी ७ पटींनी वाढले होते. लक्षात घ्या, दाखल होणारे हे केवळ गंभीर रुग्ण. घरी रात्र रात्र जागणारे या आकड्यात नाहीत.

१५/२५
यानंतरचा अध्याय छोट्या, स्थानिक साथींचा आहे. १९३४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पोलिओच्या साथीदरम्यान काउंटी जनरल हॉस्पिटलमधील १९८ कर्मचारी एका गूढ आजाराने पडले. स्नायूंचे दुखणे, पराकोटीचा थकवा, निद्रानाश, भावनिक अस्थिरता अशी लक्षणे होती. पोलिओसारखा पक्षाघात क्वचितच होता, बरे होणे मात्र फार लांबले. १९४८-४९ च्या हिवाळ्यात आइसलंडमधील आकुरेरी या गावी अशीच साथ आली आणि चारशेहून अधिक लोक आजारी पडले. तेथेही प्रथम पोलिओचाच संशय घेतला गेला. अनेकांना वर्षे लोटली तरी पूर्वीची तब्येत परत मिळाली नाही.

१६/२५
१९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये हेच घडले. पाहता पाहता कर्मचारी आजारी पडत गेले, रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. एकूण २९२ कर्मचाऱ्यांना बाधा झाली, आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र केवळ १२ जणांना. डॉ. मेल्विन रॅमसे यांनी या रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ने या आजाराला ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ हे नाव सुचवले. आज ‘एमई’ म्हणून ओळखले जाते ते हेच. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला मज्जासंस्थेच्या आजारांत स्थान मिळाले.

१७/२५
आणि मग १९७० साल उजाडले. कॉलिन मॅकएवेडी आणि बिअर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की रॉयल फ्रीची साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार जास्त आहे, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या, रुग्णांना मात्र प्रत्यक्ष तपासले नाही. रुग्णालयातील परिचारिका वर्ग बहुतांशी स्त्रियांचाच असतो, ही साधी बाब टीकाकारांना दाखवून द्यावी लागली. इतिहासप्रेमींसाठी एक नोंद : हे मॅकएवेडी म्हणजे पेंग्विनच्या प्रसिद्ध ऐतिहासिक नकाशासंग्रहांचे कर्तेच होत.

१८/२५
हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. पाचव्या पोस्टमधला धागा येथे पुन्हा भेटतो. १९७० च्या लेखाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा रुग्णांची नवी लाट आली, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘यपी फ्लू’ म्हणून तिची टर उडवली, म्हणजे खात्यापित्या तरुणांचे दुखणे. १९८८ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिले. शास्त्रीय वाटणाऱ्या या नावाने एक वेगळेच नुकसान केले. मेंदू, झोप, स्मृती, वेदना हे सारे एका ‘थकवा’ या शब्दात गडप झाले, आणि थकवा कोणाला येत नाही?

१९/२५
मग मनाचा काहीच वाटा नाही काय? येथेही इतिहास सरळ उत्तर देत नाही. १९५७ मध्ये आशियाई फ्लूची साथ येण्याआधी अमेरिकेतील फोर्ट डेट्रिक या लष्करी तळावरील लोकांच्या मानसिक चाचण्या घेतल्या गेल्या होत्या. साथ ओसरल्यावर इम्बोडेन, कँटर आणि क्लफ या संशोधकांना दिसले की ज्यांना बरे होण्यास अधिक वेळ लागला, त्यांच्यात नैराश्याकडे झुकणारा कल आधीपासूनच जास्त होता. हा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पाहा, आजार मनाचाच आहे’ असे म्हणणाऱ्यांना त्यातून बळ मिळाले.

२०/२५
याच्या शेजारी २००६ चा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास ठेवून पाहा. न्यू साउथ वेल्समधील डबो परिसरात ग्रंथिज्वराचा विषाणू, रॉस रिव्हर विषाणू किंवा क्यू फीव्हरचा जिवाणू यांची लागण झालेल्या २५३ जणांवर संशोधकांनी लक्ष ठेवले. ६ महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोक थकवा, वेदना, विस्मरण आणि मनःस्थितीतील बिघाडाने ग्रस्त होते. जंतू तीन, उरलेला आजार मात्र एकाच तोंडवळ्याचा. तो कोणाला होईल हे पूर्वीच्या मानसिक स्थितीवरून सांगता आले नाही. मूळ आजार किती तीव्र होता, त्यावरून सांगता आले. दोन प्रामाणिक अभ्यास आणि दोन भिन्न उत्तरे. प्रश्नाची मांडणीच अपुरी असल्याची ही खूण आहे.

२१/२५
२००३ मध्ये सार्सची साथ आली. हाँगकाँगमध्ये ४ वर्षांनंतर तपासलेल्या २३३ जणांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना सक्रिय मनोविकार होता आणि साधारण तितक्याच जणांना दीर्घकालीन थकवा होता. टोरंटोमध्ये हार्वी मोल्डोफस्की यांनी कामावर परतू न शकलेल्या २२ जणांची झोप मेंदूलहरींच्या आलेखाने मोजली. त्यांपैकी बहुतेक आरोग्य कर्मचारी होते. गाढ झोपेतही जागेपणीच्या लहरी घुसत असल्याचे दिसले. माणूस आठ तास झोपूनही न झोपल्यासारखा का उठतो, याची काहीशी उकल त्यातून झाली. हा अभ्यास २०११ चा. नऊ वर्षांनी त्याची गरज किती पडणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

२२/२५
मे २०२० मध्ये इटलीतील पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी समाजमाध्यमावर ‘लाँग कोव्हिड’ हा शब्द वापरला. आजाराचे रूढ नाव डॉक्टरांनी नव्हे, रुग्णानेच दिल्याचे हे दुर्मिळ उदाहरण. रुग्ण-संशोधकांनी स्वतः घेतलेल्या पाहणीत ५६ देशांतील ३,७६२ जणांनी उत्तरे दिली आणि तीन चतुर्थांशांहून अधिकांनी झोपेच्या तक्रारी सांगितल्या. अर्थात दीर्घ आजार असलेलेच अशा पाहणीत अधिक येतात, हे ध्यानात ठेवावे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सुमारे एकतृतीयांशांच्या नावे ६ महिन्यांत मज्जाविकार वा मनोविकाराचे निदान होते आणि हा धोका फ्लूच्या रुग्णांपेक्षा ४४ टक्के अधिक होता.

२३/२५
शिक्क्याची किंमत उपचारांतही दिसते. ‘शरीर ठीक आहे, भीतीपोटी रुग्ण हालचाल टाळतो’ या गृहीतकावर अनेक वर्षे एमईच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्यास सांगितले गेले. श्रमानंतर आपली प्रकृती अधिकच ढासळते, हे त्यांचे म्हणणे बाजूला पडले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने श्रमानंतरचा हा ऱ्हास आणि ताजेतवाने न करणारी झोप यांना निदानाच्या आवश्यक निकषांत स्थान दिले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने त्या व्यायाम-उपचाराची शिफारस मागे घेतली. रॉयल फ्रीच्या साथीपासून तोवर ६६ वर्षे लोटली होती.

२४/२५
आपल्या परंपरेत या टप्प्याचे भान होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराच्या अध्यायात, तापातून मुक्त झालेल्याने बळ परत येईपर्यंत व्यायाम, स्नान, फिरणे टाळावे, नाहीतर ताप उलटतो, असे सांगितले आहे. त्यावरून प्राचीनांना विषाणू ठाऊक होते असा दावा करू नये. बरे होणे हाही आजाराचाच एक भाग आहे, एवढे ते जाणत होते. चिकुनगुन्याने महाराष्ट्राला हेच शिकवले. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली होती, २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार दिवसांचा, सांधे मात्र महिनोन्‌महिने ठणकत. ठणका रात्री झोपू देत नसे आणि मोडलेली झोप दिवसा मन खचवीत असे.

२५/२५
शरीर आणि मन यांची सीमारेषा कोठे आहे? झोप त्या रेषेवरच वसलेली आहे. विषाणू तिला बिघडवतो, दुःखही बिघडवते, आणि बिघडलेली झोप दोन्ही वाढवते. फॉन इकोनोमो यांनी हे मेंदूतच पाहिले होते, तरी ‘मनाचा’ म्हणजे ‘खोटा’ हा अर्थ वैद्यकातून आणि घरांतून गेला नाही. नैराश्यही खराच आजार आहे, त्यालाही उपचार लागतात. मित्रहो, तुमच्या घरात कोणी ताप उतरून महिने झाले तरी उठत नसेल, रात्र जागत असेल, तर ‘आता काय झालंय तुला?’ असे विचारण्याआधी हा इतिहास आठवा. त्यांना डॉक्टरकडे न्या आणि त्यांचे म्हणणे लिहून ठेवा. दफ्तरात जो रकाना नव्हता, तो निदान आपल्या घरात असू द्या.

थ्रेड उपयुक्त वाटला तर अवश्य पुढे पाठवा. आपल्या गावातील मानमोडीच्या किंवा चिकुनगुन्याच्या साथीनंतरच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, तर खाली जरूर लिहा.
#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #मराठी